अकरावं भिंग

हेमलताबाई उपळावीकरांनी उभ्या आयुष्यात आठ-नऊ हजार चेहरे सुधारून दिले असतील. हात मात्र एकही नाही.

त्यांचं कामच तसं होतं. मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या यजमानांचा फोटो स्टुडिओ होता. यजमान पुढच्या खोलीत फोटो काढायचे आणि हेमलताबाई मागच्या खोलीत निगेटिव्हवर पेन्सिल चालवायच्या. उतरत्या मेजाला मधोमध काच, काचेखाली तिरका आरसा. दारातून आलेला उजेड आरशावरून वळून वर चढायचा आणि काचेवरची निगेटिव्ह उजळायची. मग डोळ्याला भिंग आणि हातात सुईसारखं टोक घासलेली पेन्सिल. निगेटिव्हमध्ये सुरकुती असते तिथे पारदर्शक रेघ दिसते. ती रेघ पेन्सिलीने हलकेच भरली, की छापलेल्या फोटोतून सुरकुती गेलेली असायची. मुरुम, डाग, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं असंच जायचं.

चेहरा झाला की यजमान म्हणायचे, "पुरे आता. हात कोण बघतंय?"

एकदा चेहऱ्यावर देवीचे व्रण असलेली एक मुलगी वडिलांबरोबर आली होती, दाखवण्यासाठी फोटो हवा म्हणून. हेमलताबाईंनी दोन दिवस बसून एकेक व्रण भरला. लग्न जमलं. वर्षभराने ती माहेरपणाला आली तेव्हा स्टुडिओत डोकावून गेली. "काकू," ती म्हणाली, "तिकडे पहिल्या दिवशी सगळे माझ्याकडे असे बघत राहिले, जणू त्यांच्याकडे फोटोतलीच पाठवायला हवी होती." ती हसत म्हणाली होती, पण हेमलताबाईंच्या ते मनातून कधी गेलं नाही.

त्यांची एकुलती एक लेक केतकी त्या मागच्या खोलीतच वाढली. खोटं बोलताना तिचा उजवा अंगठा आपोआप मुठीत जायचा. जुन्या काचेच्या निगेटिव्ह तिने फोडल्या आणि मांजराचं नाव सांगितलं, तेव्हा हेमलताबाई चेहऱ्याकडे न बघता एवढंच म्हणाल्या होत्या, "अंगठा दाखव." मुलगी रडायलाच लागली. आईला हे कळतं कसं, ते तिला पुढे कितीतरी वर्षं उमगलं नव्हतं.

त्या सगळ्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. स्टुडिओ बंद झाला, यजमान गेले. केतकी एकोणपन्नास वर्षांची झाली. कोइमतूरला पंपांच्या कारखान्यात ती मोठ्या हुद्द्यावर होती. नवरा निरंजन तिथेच कॉलेजात शिकवायचा. मूलबाळ नव्हतं. हेमलताबाई शहात्तराव्या वर्षी मिरजेत एकट्या राहत होत्या, आणि कानांनी त्यांची साथ पार सोडली होती. कानातलं यंत्र त्यांना कानात भुंगा शिरल्यासारखं वाटायचं. फोनवर बोलणं संपलंच होतं.

म्हणून दोन वर्षांपूर्वी केतकीने तोडगा काढला. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर एक चौकट लावली आणि पर्समधून पत्त्यांच्या कॅटाएवढी एक काळी डबी काढून ओट्यावर ठेवली. डबीच्या तोंडावर सोळा बारीक भिंगं होती. बाजारात तिचं नाव काहीतरी वेगळंच होतं, पण लोक तिला सोळाडोळ्या म्हणायचे.

"हा माझ्या घरी राहील. रोज सकाळी सातला मी त्याच्यासमोर चहा घेत बसणार. तुला साडेसातला माझा फोटो आणि खाली एक ओळ. तू इथून उत्तर लिहायचं." केतकी आईच्या कानाशी तोंड नेऊन सावकाश बोलत होती.

"एवढी भिंगं कशाला गं? तुझ्या बाबांनी एका भिंगावर संसार केला."

"बाबांचा कॅमेरा खोक्याएवढा होता. मोठं भिंग म्हटलं की मोठं खोकं आलं. इथे सोळा लहान भिंगं एकदम बघतात. पाच सगळी खोली बघतात, पाच माणसाला बघतात, आणि सहा लांबची आहेत. ती प्रत्येकी एकच तुकडा बघतात, पण बारीक बघतात. एक कपाळ, एक डावा खांदा. हे अकरावं तर बिचारं खालच्या कोपऱ्यात माणसाची मांडीच बघत बसतं."

"लांबचं भिंग एवढ्याशा डबीत मावलं कसं?"

"आडवं घातलंय. पुढे तिरका आरसा. उजेड आत शिरला की वळतो."

"म्हणजे माझं मेजच की."

"तुझं मेजच," केतकी हसली. मग तिने आईला बोट नाकासमोर धरायला लावलं. एकदा डावा डोळा मिटून बघ, एकदा उजवा. बोट जागचं हललेलं दिसतं, मागची भिंत मात्र फारशी हलत नाही. सोळा जागांवरून असं बघितल्यामुळे डबीच्या आतल्या संगणकाला कळतं, काय जवळ आहे आणि काय लांब. मग सोळा तुकडे जोडून तो एक फोटो करतो.

"आणि नेमके डोळे मिटले तर?"

"तर मागच्या फोटोंतले उघडे डोळे बसवतो. शे-दोनशे फोटो झाले की त्याच्याकडे आपल्या चेहऱ्याची नोंद तयार होते. कुठे हललं, अंधार पडला, काही झाकलं गेलं, तर तो नोंदीतून भरतो. सोळा कच्ची चित्रं चाळीस दिवस पोटात ठेवतो आणि मग पुसून टाकतो. जागा लागते ना."

"रिटचिंगच म्हण."

"तुझ्यापेक्षा जलद."

"आणि हात?"

"हातांची नोंद कोण ठेवतंय, आई," केतकी म्हणाली. अगदी बापाच्या सुरात.

दोन वर्षं साडेसातचा फोटो चुकला नाही. चौकटीत फक्त चेहरा आणि खांदे दिसायचे, तेवढंच दिसावं अशी केतकीने सोय करून ठेवली होती. "आज इडली." "मॅनेजरशी भांडले." "तुझी आठवण." अशा ओळी. शेजारची रुबिना सतारमेकर सतारीच्या तारा विकायची. ती दुकान उघडायच्या आधी चहाला यायची आणि फोटोवर कानाशी मोठ्याने मत देऊन जायची.

"काकू, तुमची लेक काय म्हातारी होत नाही बघा. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, आणि माझं तोंड बघा."

"तू तोंड चालवतेस फार. झिजणारच की."

मधल्या काळात कॅमेऱ्याच्या कंपनीने त्यात एक भर घातली होती. मिरजेत कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही. आधी कॅमेरा जे दिसलं नाही तेवढंच नोंदीतून भरायचा. आता नोंदीपेक्षा चेहरा वेगळा दिसला, तर तो वेगळेपणालाच दोष समजू लागला. त्वचा पिवळट आली तर म्हणायचा, दिवा पिवळा असेल. गाल आत गेलेले दिसले तर म्हणायचा, सावली वाईट पडली असेल. आणि मग दुरुस्त करायचा. लोकांना ते आवडलं. सगळ्यांचेच फोटो छान येऊ लागले होते.

चैत्राच्या शेवटी एक दिवस चौकटीत चेहऱ्याबरोबर बरणीही आली. केतकीने दोन्ही हातांत कैरीच्या लोणच्याची बरणी उंच धरली होती. खाली ओळ होती, "तुझ्या पद्धतीने घातलं. बघ, जमलंय का." बोटं पिवळी दिसत होती, नखंही. हेमलताबाईंनी उत्तर लिहिलं, "मोहरी कमी वाटते. आणि हात नीट धू, हळद नखांत बसते."

त्यावर केतकीने लिहिलं, "हो आई."

तीन आठवड्यांनी बहुधा डाव्या हाताने चहाचा कप उचलताना फोटो निघाला. कपाभोवतीची बोटं चौकटीत आली. ती अजून पिवळीच होती.

हेमलताबाई पोळपाट-लाटणं तसंच टाकून उठल्या. लोणच्याची हळद फार तर चार दिवस राहते. त्यांनी माळ्यावरच्या डब्यातून आपलं जुनं भिंग काढलं, चौकटीच्या अगदी जवळ उभ्या राहिल्या आणि आयुष्यभराच्या सवयीने आधी डोळे बघितले. बुबुळात खिडकीचा पांढरा ठिपका असतो. रिटच करणारी बाई तो कधी विसरत नाही, कारण तो नसला तर माणूस मेलेला दिसतो. केतकीच्या बुबुळात ठिपका डावीकडे होता. तिच्या नाकाची सावलीही डावीकडेच पडली होती. म्हणजे उजेड उजवीकडून येत होता. हे डोळे आजचे नव्हते.

त्यांनी आदल्या दिवसाचा फोटो मागे जाऊन बघितला. त्याच्या आदल्या दिवसाचा. मग लोणच्याचा. ठिपका हटकून त्याच जागी.

रुबिना चहाला आली तेव्हा काकू खुर्चीवर बसलेल्या होत्या आणि तव्यावरची पोळी काळी पडली होती.

"रुबिना, मला कोइमतूरचं तिकीट काढून दे. आजचं."

"काय झालं काकू? ती तर हसतेय की फोटोत."

"हे हसणं जुनं आहे," हेमलताबाई म्हणाल्या. "हात तेवढे आजचे आहेत."

कोइमतूरला दार निरंजनने उघडलं. सासूबाईंना बघून तो बाजूला झाला. केतकी आतल्या खोलीत पलंगावर टेकून बसली होती. हेमलताबाईंना आधी वाटलं, ही कुणी दुसरीच बाई आहे, आजारी नातेवाईक आली असेल. डोक्यावर विरळ, राखाडी खुंट. गालांची हाडं वर आलेली. डोळ्यांचा पांढरा भाग कच्च्या आंब्याच्या फोडीसारखा. मनगटातलं घड्याळ कोपराजवळ जाऊन थांबलेलं.

"मोहरी कमी नव्हती," ती बाई म्हणाली. "मुद्दाम दुप्पट घातली होती." आईला काही ऐकू आलं नाही हे लक्षात आल्यावर तिने पाटी मागवली आणि तेच लिहून दाखवलं.

स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. कळून आठ महिने झाले होते. आता उपचार थांबवले होते. डॉक्टर आठवड्यांच्या भाषेत बोलत होते.

"आठ महिने," हेमलताबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःचा आवाज किती मोठा झालाय ते कळत नव्हतं. "आठ महिने मी त्या भिंतीवरच्या बाहुलीशी बोलले. तिला लाडू करून पाठवले."

निरंजन पुढे येऊन त्यांच्या कानाशी बोलला. "आई, मी सांगणार होतो. तिने शपथ घातली होती."

केतकी पाटीवर लिहीत होती. लिहायला तिला वेळ लागत होता. "पहिल्या केमोनंतर फोटो बघितला तर त्यात मी ठणठणीत. मला इतकं बरं वाटलं. तू आली असतीस तर रोज माझ्याकडे असं बघितलं असतंस, आत्ता बघतेस तसं. एका तरी माणसाच्या डोळ्यांत मला बरं राहायचं होतं."

हेमलताबाईंनी पाटी वाचली, पदराने पुसली आणि तिच्या पायथ्याशी बसल्या. त्यांना त्या व्रणवाल्या मुलीची आठवण झाली. फोटोतलीच पाठवायला हवी होती.

पुढे बारा दिवस मिळाले. हेमलताबाई पेज करायच्या, ती दोन चमचे घ्यायची. केसांच्या खुंटांना तेल लावायच्या. सकाळी सातला फोटो निघायचाच. सवय म्हणून निरंजन डबी पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवायचा आणि दोघी मायलेकी हात धरून समोर बसायच्या. फोटोत एक ठणठणीत केतकी असायची आणि तिच्याशेजारी, केतकीने डबीत घालून ठेवलेल्या जुन्या फोटोंमुळे, साठीच्या, दोन्ही डोळे टवटवीत असलेल्या हेमलताबाई. केतकी तो बघून हसायची.

आणि डबीसमोर बसलेल्या असतानाच हेमलताबाई रोज म्हणायच्या, "बरी होशील तू. पावसाळ्याआधी आपण मिरजेला जाऊ. रुबिनाला सांगून ठेवलंय, ती पेरूच्या फोडी घेऊन येणार आहे." त्या असं म्हणाल्या की केतकी एकदा खाली बघायची, गालात हसायची आणि आईच्या हातावर थोपटायची. हेमलताबाईंना वाटायचं, दमली असेल.

दहाव्या दिवशी तिने पाटी मागितली. अक्षर फार वाकडं झालं होतं. "कच्ची चित्रं उघडू नकोस. हे दिवस बघितलेस तेवढे पुरे. मागचा चेहरा बघू नकोस. चाळीस दिवसांनी जाऊ देत. भिंतीवर सोळाडोळ्याचाच फोटो लाव."

"मला माझी मुलगी बघायचीय, केते. आठ महिन्यांतली बघायला मिळाली नाही. उरलीय तेवढी तरी."

केतकीने पाटीवर आणखी एक ओळ लिहिली. "तू सगळ्यांचे डाग भरलेस. माझेच ठेवणार?"

हेमलताबाईंनी पाटी तिच्या हातातून घेतली. त्यांनी वचन दिलं. त्यानंतर फोटो निघाला नाही, आणि बाराव्या दिवशी दुपारी केतकी गेली.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी निरंजन त्यांना मिरजेला पोचवायला आला. येताना त्याने डबी बरोबर आणली होती. ती त्याने स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली, जिथे दोन वर्षांपूर्वी केतकीने ठेवली होती तिथेच.

"आई, मी कशालाच हात लावलेला नाही," त्याने पाटीवर लिहिलं. ती पाटीही त्याने आणली होती. "वचन माझ्याकडूनही घेतलंय. पण रोज सकाळी सातला एक जुना दिवस पुसला जातो. तुम्ही यायच्या आधीचे तेरा दिवस उरलेत. ठेवायचे असतील तर इथे बोट लावायचं. ठरवा तुम्ही."

हेमलताबाईंनी काहीच ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी सात वाजले तेव्हा त्या डबीसमोर हात जोडल्यासारख्या बसून होत्या. डबीवर एक हिरवा बिंदू लुकलुकला आणि विझला. बारा राहिले. भिंतीवरच्या चौकटीत केतकी हसत होती, बुबुळात डावीकडे ठिपका. त्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा राहिले.

रुबिना म्हणाली, म्हणजे कानाशी ओरडलीच, "काकू, बघून टाका. मेलेल्या माणसाला काय कळतंय?"

"मला कळतं ना."

"मग पुसू द्या."

"तेही होत नाही गं."

तिसऱ्या दिवशी दहा राहिले. निरंजनला संध्याकाळच्या गाडीने परतायचं होतं. दुपारी हेमलताबाई भांडी घासत होत्या. मध्येच त्या थांबल्या, राखेचे हात तसेच ठेवून स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या. मग हात धुऊन बाहेर आल्या.

"निरंजन, यातलं एकच भिंग उघडता येतं का? बाकीची बंद ठेवून?"

त्याने मान हलवली. येतं.

"अकरावं उघडा. ते चेहरा बघत नाही. तिने चेहरा बघू नकोस म्हटलं होतं."

निरंजनने खुर्ची पुढे ओढली. मग त्याने डबी चौकटीला जोडली. भिंतीवरचा हसरा चेहरा गेला. त्या जागी कोइमतूरच्या जेवणाच्या टेबलाची कड आली, चहाच्या कपाची अर्धी बशी, आणि बशीशेजारी केतकीचा उजवा हात.

पिवळा हात, सुयांच्या टोचण्यांनी काळानिळा झालेला. शिरा दोऱ्यांसारख्या वर आलेल्या. एकाही सुरकुतीवर कुणाची पेन्सिल फिरलेली नव्हती. हेमलताबाईंनी जुनं भिंग डोळ्याला लावलं आणि त्या वाकल्या.

अंगठा मुठीत होता.

"पुढचा," त्या म्हणाल्या.

पुढच्या दिवशी मीठदाणी सरकली होती. हात तिथेच आणि अंगठा मुठीत. त्याच्या पुढच्या दिवशीही. दहा दिवस, दहाही दिवस ती उठून येऊन टेबलाशी बसली होती, आईसाठी डबीकडे तोंड केलं होतं आणि टेबलावर, चौकटीच्या बाहेर, मूठ आवळून अंगठा आत लपवून बसली होती. नऊ वर्षांची असल्यासारखी. "आज इडली." "आज बरं वाटतंय." "हो आई."

हेमलताबाईंना वाटलं, त्या दहा दिवसांत एकदा तरी म्हणता आलं असतं, अंगठा दाखव. मग ती रडली असती. मग आपण तिथे असतो.

निरंजनने पडदा बंद करायला हात पुढे केला. त्यांनी तो धरला.

"अजून आहेत. मी आल्यानंतरचे."

आता टेबल गेलं आणि पलंगावरची निळी चादर आली. चादरीवर केतकीचा हात होता, उलटा, उघडा, पाचही बोटं सैल पसरलेली. अंगठा बाहेर होता. लपवायचं काही उरलेलं नव्हतं. हेमलताबाईंना इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा हायसं वाटलं.

मग त्यांनी भिंग थोडं बाजूला सरकवलं.

केतकीच्या उघड्या तळव्यावर एक म्हातारा हात होता. सुरकुतलेला, पेन्सिल धरून मधल्या बोटाला घट्टा पडलेला. त्या हाताची मूठ झालेली होती आणि अंगठा आत होता.

त्यांनी पुढचा दिवस बघितला. त्याच्या पुढचा. "बरी होशील तू. पावसाळ्याआधी आपण मिरजेला जाऊ." म्हाताऱ्या हाताचा अंगठा रोज मुठीत होता. आणि रोज दुसरा, पिवळा हात त्याच्यावर थोपटायला वर उचलला जात होता.

खाली बघून ती का हसायची, ते त्यांना आत्ता कळलं.

"ठेवायचे का, आई?" निरंजनने पाटीवर लिहिलं.

हेमलताबाईंनी भिंग खाली ठेवलं. "बाकीची पंधरा जाऊ देत," त्या म्हणाल्या. "हे ठेवा."

निरंजनने बोट लावलं. मग भिंतीवर पुन्हा तिचा हसरा चेहरा आणायला तो उठला, तर त्या नको म्हणाल्या, एवढ्यात नको. त्या चौकटीजवळ गेल्या आणि मांडीवरचं लहान पोर झोपेत मूठ आवळतं तेव्हा आपण जशी उकलतो, तशी त्यांनी आपल्याच उजव्या हाताची मूठ डाव्या हाताने एकेक बोट करत उकलली. अंगठा मोकळा केला आणि तो उघडा तळवा काचेवर, तिच्या हातावर टेकवला.

"नाही होणार बरी तू," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं, केते."